गाळ, उथळ काठ आणि ९० मिनिटे

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र असे दोन विभाग मिळून सहा वर्षे भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांवर (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेल्या सिंचन-तलावांवर) काम करत आहेत. पुढच्या वर्षी युरोपात पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तिथे ९० मिनिटांच्या विषय-सत्रांसाठी प्रस्ताव मागवले आहेत आणि मुदत संपायला सात आठवडे उरलेत. 'पाणथळ जागांचे संवर्धन आणि शाश्वत विकास' हे शीर्षक आणि आमचेच सहा वक्ते असे आम्ही ठरवले आहे. प्रस्ताव कसा लिहावा? सहाही निबंध घेतले जावेत यासाठी काय करावे?
– एक साहाय्यक प्राध्यापिका, भंडारा जिल्हा

मॅडम, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घोळ तिथे आहे. निबंध स्वीकारले जाणे ही गोषवाऱ्यांची बाब झाली. तिची खिडकी पुढे, सत्रे ठरल्यावर उघडते. आत्ता मागवलेत ते सत्रांचे प्रस्ताव. आयोजक सत्र देतात ते एखाद्या विभागाचे काम मांडायला नव्हे. चार ठिकाणच्या लोकांनी एका खोलीत बसून एकाच प्रश्नावर आपापले आकडे समोरासमोर ठेवावेत, आणि ते आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर का जुळत नाहीत यावर बोलावे, यासाठी ते असते. सहा वक्ते एकाच संस्थेचे दिसले की परीक्षक पुढचे वाचतही नाहीत. तुमच्या कामाची किंमत त्याने कमी होत नाही, ते चुकीच्या पेटीत पडते एवढेच.

परिषदेचा अर्ज आधी नीट वाचा. काही परिषदांत सत्र 'बंद' असते, म्हणजे सगळे वक्ते प्रस्तावातच द्यावे लागतात. काहींत ते 'खुले' असते : तुम्ही विषय आणि संयोजक देता, गोषवारे कोणीही पाठवू शकतो आणि निवड तुम्ही करता. पर्याय असेल तर खुले सत्र मागा. सात आठवड्यांत परदेशातल्या चार जणांकडून पक्का होकार मिळवणे कठीण असते. 'गोषवारा पाठवायचा विचार आहे' एवढे लेखी मिळवणे त्या मानाने सोपे.

आता शीर्षक. 'संवर्धन आणि शाश्वत विकास' या नावाखाली परिषदेतला कुठलाही निबंध बसेल, आणि म्हणूनच ते नाव निरुपयोगी आहे. असे सत्र एक तर नाकारले जाते किंवा दुसऱ्या एखाद्या सत्रात विरघळवले जाते. मंजूर झालेच तर खारफुटीपासून सांडपाण्यापर्यंत सगळे गोषवारे तुमच्याकडे येऊन पडतात. विषय नको, प्रश्न हवा. आणि प्रश्न असा हवा की मामा तलाव कधी न पाहिलेल्या माणसाकडेही त्याच्या उत्तराचा एक तुकडा असेल.

तुमच्या भागात असा प्रश्न समोरच पडलेला आहे : गाळ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली आणि गाळ काढण्याला मोठा जोर मिळाला. साठा वाढतो, शेताला माती मिळते, लोक खूश असतात. पण यंत्र कुठे उतरते ते बघा. एप्रिल-मे महिन्यात पाळीजवळचा (तलाव अडवणाऱ्या बांधाजवळचा) खोल भाग अजून ओला किंवा भरलेला असतो, कोरडा पडतो तो उथळ काठ. ट्रॉली तिथेच नीट उभी राहते, म्हणून खणणेही तिथेच होते. कमळ, शिंगाडा, देवधान (जंगली भात) याच उथळ पट्ट्यात रुजतात, माशांची पिल्ले इथेच आडोसा धरतात आणि सारसाचे घरटेही उथळ पाण्यातच असते. शिवाय तळाचा चिकण थर फुटेपर्यंत खणले तर पाणी झिरपून जाते, म्हणजे साठा वाढवायला गेलो आणि पाणी टिकण्याचे दिवस घटले असेही होऊ शकते. तेव्हा प्रश्न असा : गाळ काढल्यावर छोट्या तलावात पाणी किती दिवस टिकते, आणि उथळ काठाचे काय होते?

या प्रश्नाला बाहेर सोबती भरपूर आहेत. तमिळनाडूतले एरी, म्हणजे तिथले जुने सिंचन-तलाव, हे तुमच्या तलावांचे सख्खे भाऊ. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात एकाखाली एक तलावांच्या साखळ्या आहेत, त्यांना तिथे एल्लंगावा म्हणतात. सगळा तलाव न खणता पाळीकडचा भाग खोल करावा आणि वरचा उथळ भाग राखावा, ही मांडणी तिथे झालेली आहे. आणि परिषद युरोपात आहे म्हणून सांगतो, चेक प्रजासत्ताकातल्या त्रेबोन भागातले मत्स्यतलाव विसरू नका. त्यांतला रोझंबर्क तलाव १५९० मध्ये पूर्ण झाला आणि तिथले तलाव १९९० पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. माणसाने बांधलेले, पाळ घातलेले, ठरावीक काळाने रिकामे केले जाणारे तलाव म्हणजे काय हे तिथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तुमच्याकडे पाणी धानासाठी सुटते, त्यांच्याकडे शरद ऋतूत मासे काढण्यासाठी.

शीर्षक मग असे करता येईल : 'गाळ काढल्यानंतर : छोट्या, बांधलेल्या तलावांतील पाण्याचे दिवस आणि उथळ काठ'. त्यात 'मामा' शब्द घालू नका, तो गोषवाऱ्यात येऊ द्या. इंग्रजी करताना 'टँक' शब्द एकटा टाकू नका. दक्षिण आशियाबाहेरच्या वाचकाला त्यातून लोखंडी टाकी दिसते. पहिल्यांदा वापराल तिथेच 'पाळ घालून अडवलेला उथळ सिंचन-तलाव' असा खुलासा करा.

प्रस्तावाचा मजकूर बहुधा २५० ते ३०० शब्दांत मागतात. त्यातले पहिले ६० शब्द परीक्षकाने मन लावून वाचलेले असतात, बाकीचे चाळलेले. म्हणून जागतिक जैवविविधतेवरच्या संकटापासून सुरुवात नको. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न, पुढच्या तीन-चारांत तो आत्ताच का, मग कोणत्या प्रकारची आकडेवारी हवी आणि कोणती नको, शेवटी सत्रातून हाती काय येणार. साधारण असे :

'छोट्या सिंचन-तलावांतून गाळ काढणे हा आशिया आणि युरोपात पुनरुज्जीवनाचा रूढ उपाय आहे. त्याने साठा किती वाढला हे मोजले जाते, उथळ काठ किती उरला हे क्वचितच. हे तलाव माणसाने बांधलेले असल्याने काही देशांच्या पाणथळ-कायद्यांबाहेर राहतात, आणि आकाराने लहान असल्याने नकाशांतूनही निसटतात. गाळ काढण्याआधीची आणि नंतरची पाणी-पातळी, पाणवनस्पती, मासे किंवा पक्षी यांची किमान दोन वर्षांची नोंद असलेली कामे या सत्रात अपेक्षित आहेत. नुसत्या प्रजातींच्या याद्या अपेक्षित नाहीत. सत्राच्या शेवटी सर्व तलावांची एका साच्यातली तुलना-सारणी तयार होईल आणि ती सहभागींना खुली राहील.'

'याद्या अपेक्षित नाहीत' हे वाक्य कडू वाटेल, पण ते काढू नका. ते नसेल तर येणाऱ्या गोषवाऱ्यांतले निम्मे 'अमुक तलावातील पक्षी' अशा नावाचे असतील.

'आत्ताच का' हा भाग तुमच्या हातातला हुकमी पत्ता आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतल्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. भातखाचरेही वगळली आहेत. उलट रामसर करारात मानवनिर्मित पाणथळींचा वेगळा गट आहे : साधारण ८ हेक्टरपर्यंतची तळी एका प्रकारात, त्याहून मोठे साठे दुसऱ्यात, शिवाय सिंचित जमिनी आणि भातशेतीही. आणि गंमत अशी की महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, हे मुळात गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागचेच पाणी आहे. दुसरी गोष्ट मोजमापाची. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरपेक्षा लहान पाणथळी नुसत्या ठिपक्याने दाखवल्या आहेत. ज्या गोष्टीला नकाशात क्षेत्रफळच नाही, तिचा उथळ काठ कमी झाला हे उपग्रहावरून सांगणार कसे? ही दोन वाक्ये प्रस्तावात असतील तर परीक्षकाला सत्राची गरज वेगळी पटवावी लागत नाही. मामा तलावांचा इतिहास मात्र एका ओळीत आटपा : कोहळी समाजाने बांधलेले, १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले, आज काही जिल्हा परिषदेकडे तर काही जलसंपदा विभागाकडे. यापुढचा इतिहास कितीही सुंदर असला तरी तो तुमच्या भाषणात.

माणसांचे गणित. संयोजक तीन असावेत, तीन संस्थांचे आणि किमान दोन देशांचे. तुम्ही एक, तमिळनाडू किंवा श्रीलंकेतून एक आणि युरोपातून एक. परिषद जिथे आहे तिथला संयोजक असला की निदान एक माणूस खोलीत नक्की हजर असेल, व्हिसाचे काहीही होवो. तिघांत एखादा तरुण संशोधक असेल तर चांगलेच, पण त्याच्याकडे खरे काम द्या, नावापुरते नको. याशिवाय 'गोषवारा पाठवू' असे लेखी कळवलेल्या सहा जणांची यादी प्रस्तावाला जोडा. सहा होकारांसाठी बारा जणांना लिहावे लागेल. तुमच्या सहा जणांपैकी सत्रात एकानेच बोलावे. एकाने पोस्टर द्यावे. उरलेल्या चौघांचे निबंध मासे, वनस्पती, पाण्याची गुणवत्ता अशा परिषदेतल्या इतर सत्रांत जाऊ द्या. तिथे ते तुमच्याच सत्रात एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहण्यापेक्षा अधिक लोक ऐकतील. विभागप्रमुखांना हे पटवणे अवघड जाईल याची कल्पना आहे.

निमंत्रणाची मेल शंभर-सव्वाशे शब्दांत संपवा. त्यात चार गोष्टी असाव्यात : प्रश्न, त्यांचे कोणते काम वाचून लिहिता आहात, तुम्हाला त्यांच्याकडून नेमके कोणते मोजमाप हवे, आणि 'नोंदणी शुल्क व प्रवासखर्च आम्हाला देता येणार नाही'. शेवटचे वाक्य संकोचून गाळले जाते आणि मग परिषदेच्या दोन महिने आधी वक्ता विचारतो की तिकीट कोण काढणार. संयोजकांना शुल्कात सूट आहे का हेही आयोजकांना आत्ताच विचारून घ्या. आहेच असे धरून चालू नका.

मग मिनिटे. सहा वक्ते प्रत्येकी १५ मिनिटे केले की ९० संपली, चर्चा नाही, आणि पहिल्या वक्त्याचा पेन ड्राइव्ह उघडला नाही की शेवटच्याचा बळी. आम्ही असे बसवू : प्रस्तावना ५ मिनिटे, चार भाषणे प्रत्येकी १२ अधिक ३ मिनिटे प्रश्नांची म्हणजे ६०, चार पोस्टरवाल्यांना उभे राहून प्रत्येकी २ मिनिटे म्हणजे ८, आणि १७ मिनिटे चर्चा. प्रस्तावात हे असेच आकड्यांत लिहा. मोठ्या परिषदांत शेजारच्या खोल्यांत समांतर सत्रे चालू असतात आणि लोक घड्याळ बघून एका खोलीतून दुसरीत जातात. म्हणून एखादा वक्ता आला नाही तर पुढच्याला पुढे ओढू नका. ती १५ मिनिटे चर्चेला वापरा आणि पुढचे भाषण छापील वेळेलाच सुरू करा. पहिल्याच वेळी दोन सत्रांची जागा मागण्याचा मोह टाळा. गोषवारे कमी पडले तर आयोजक ती एकावर आणतातच, वर तुमच्या अंदाजाबद्दल शंका घेतात ते वेगळे.

चार देशांचे चार तलाव एका खोलीत आणले म्हणजे तुलना आपोआप होत नाही. प्रत्येक जण आपली पद्धत, आपली एकके आणि आपले ऋतू घेऊन येतो. म्हणून प्रत्येक भाषणाची पहिली पारदर्शिका एकाच साच्याची असेल अशी अट घाला आणि तो साचा प्रस्तावाला जोडा. त्यात पाच नोंदी : पूर्ण भरल्यावरचे क्षेत्र हेक्टरमध्ये, कमाल खोली, पाणी टिकण्याचे दिवस, किती गाळ कोणत्या वर्षी तलावाच्या कोणत्या भागातून काढला, आणि विमोचक (तलावातून पाणी सोडण्याचे दार) कधी उघडायचा हे कोण ठरवते. पाचवी नोंद फालतू वाटते, पण जिल्हा परिषद, पाणी वापरणारे शेतकरी आणि ढिवरांची मच्छीमार संस्था यांच्यातली ओढाताण तिथेच दिसते, आणि चेक माणसाला तोच भाग सर्वांत ओळखीचा वाटेल.

यात दोन खड्डे आहेत. पहिला ब्रासचा. तुमच्याकडच्या नोंदी ब्रासमध्ये किंवा ट्रॉलींच्या फेऱ्यांत असणार. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. समजा १० हेक्टरच्या तलावातून ३,५०० ब्रास गाळ निघाला. हे सुमारे ९,९०० घनमीटर झाले, म्हणजे सगळ्या तळावर पसरले तर सरासरी जेमतेम १० सेंटिमीटर. ऐकणारा म्हणेल, एवढ्याने काय बिघडते? पण तोच गाळ काठाच्या २ हेक्टरांतूनच काढला असेल तर तिथे खोली ५० सेंटिमीटरने वाढली, आणि ज्या झाडाला गुडघाभर पाणी लागते त्याचे ठिकाण गेले. म्हणून 'कोणत्या भागातून' ही नोंद नसेल तर गाळाचा एकूण आकडा दिशाभूल करतो. तुमच्या सहा वर्षांच्या नोंदींत हे लिहिलेले आहे का, ते आजच वहीत बघा. नसेल तर ज्यांनी ट्रॉल्या भरल्या त्यांना घेऊन काठावरून एक फेरी मारा आणि जागा नकाशावर उतरवून घ्या. आठवण आहे तोवर हे होईल.

दुसरा खड्डा महिन्यांचा. तुमचे तलाव नैर्ऋत्य मोसमी पावसाने ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भरतात. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातले ईशान्य मोसमी पावसावर, ऑक्टोबरनंतर. त्रेबोनचे तलाव शरदात रिकामे होतात आणि नंतर पुन्हा भरतात. जानेवारी ते डिसेंबर अशा आडव्या अक्षावर हे तिघे मांडले तर तीन वेगवेगळ्या गोष्टींचा गोंधळ दिसेल. आडव्या अक्षावर 'तलाव सर्वाधिक भरला त्या दिवसापासूनचे दिवस' घ्या, उभ्या अक्षावर कमाल पातळीच्या टक्केवारीत पाणी. मग तिन्ही रेषा एकाच आलेखात बसतात आणि गाळ काढण्याआधीची व नंतरची रेषा शेजारी ठेवता येते. हा एक आलेख रिकामा, फक्त अक्षांसह, प्रस्तावाला जोडलात तर तीनशे शब्दांपेक्षा जास्त काम करेल.

सात आठवड्यांपैकी पहिला आठवडा प्रश्न आणि साचा पक्का करण्यात जाऊ द्या, पुढचे तीन मेल आणि स्मरणपत्रांत. पाचव्यात मजकूर लिहून या विषयात काम न करणाऱ्या एकाला आणि इंग्रजी चांगले असणाऱ्या एकाला वाचायला द्या. दोघांना एकच विचारा : हे सत्र कोणता प्रश्न सोडवणार आहे? दोन वेगळी उत्तरे आली तर पुन्हा लिहा. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मध्य युरोपीय वेळेची रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर साडेतीन. आणि अर्जाच्या संकेतस्थळावर मजकूर चिकटवताना शब्दमर्यादेत शीर्षक व संयोजकांची नावे धरतात का, हे आधी तपासा.

सत्र मंजूर झाले की खरी मेहनत सुरू होते. गोषवाऱ्यांची खिडकी बंद होण्याच्या तीन आठवडे आधी त्या सहा जणांना आणि आणखी वीस जणांना स्वतंत्र मेल करा, सामूहिक नको. चारपेक्षा कमी गोषवारे आले तर सत्र दुसऱ्यात मिसळले जाण्याची शक्यता मोठी. पोस्टरवाल्यांपैकी एकाला भाषण तयार ठेवायला सांगून ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत करावाच लागतो. तो सहा महिने आधीच करा, कारण अर्ज दाखल करायची तारीख मिळवण्यातच आठवडे जातात. ऑनलाइन भाषणाची परवानगी आहे का हे लेखी विचारून ठेवा, लागेलच असे नाही.

नियतकालिकाच्या विशेषांकाचे आश्वासन प्रस्तावात देऊ नका. संपादकाचा होकार हातात नसताना ते लिहिले की पुढे दोन वर्षे लोक त्याबद्दल विचारत राहतात. तुलना-सारणीचे वचन तुम्ही स्वतः पाळू शकता.

राहिली एक गोष्ट. मच्छीमार संस्थेने दिलेले उत्पादनाचे आकडे पडद्यावर दाखवणार असाल तर त्यांना आधी दाखवून लेखी संमती घ्या. गावाचे नाव घालायचे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. आणि सारसाच्या घरट्यांचे अक्षांश-रेखांश कोणत्याही पारदर्शिकेवर, सारणीत किंवा छायाचित्राच्या माहितीत राहणार नाहीत हे तपासण्याचे काम एका माणसाला नावानिशी द्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ते आपोआप चिकटलेले असू शकतात.